मालवणचा किनारा : जय आणि पराजयाची स्मरणस्थळे

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली की थोड्याच वेळात सिंधुदुर्गाचा तट समोर उभा राहतो. पण दरवाजा मात्र दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो असा दडवला आहे की, अगदी जवळ जाईपर्यंत शत्रूला वाट सापडू नये. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी या दुर्गाची पायाभरणी केली. त्या प्रसंगी पूजा झाली ती किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी. हा कोरीव खडक मालवणात आजही पाहायला मिळतो. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत काम पूर्ण झाले. पायाच्या दगडांत शिसे ओतले गेले, चुन्यात तट बांधला गेला आणि साडेतीनशेहून अधिक पावसाळ्यांच्या लाटा झेलून तो अजून उभा आहे.

हा दुर्ग कोणासाठी बांधला, हे व्यापारी घराण्यांनी विशेषत्वाने जाणून घ्यावे असे आहे. त्या काळी गोव्याच्या पोर्तुगीजांचा परवाना घेतल्यावाचून या किनाऱ्यावरून मालाचे गलबत नेणे धोक्याचे होते. परवाना नसेल तर जहाज आणि माल दोन्ही जप्त होत. जंजिऱ्याच्या सिद्दीचा उपद्रव वेगळाच. आपल्याच समुद्रात आपल्या सावकाराने परक्याची चिठ्ठी घेऊन हिंडावे, ही स्थिती पालटण्यासाठी आरमार आणि जलदुर्ग उभे राहिले. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराप्रमाणेच सावकारांचाही स्वतंत्र विचार केलेला आढळतो, तो याच धोरणाला धरून.

किल्ल्याच्या आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारे पाणी असता बेटाच्या पोटात गोडे पाणी लागावे, याचे नवल पाहणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही. राजाराम महाराजांच्या काळात उभारलेल्या शिवराजेश्वर मंदिरात महाराजांची बैठी मूर्ती आहे. चुन्यात उमटलेले हाताचे व पायाचे ठसे महाराजांचे म्हणून दाखवले जातात, आणि त्यांवर लहान घुमट्या बांधल्या आहेत. किल्ल्यात काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले होते. ते नाव आज मालवणात कोणाच्या ओठी नाही.

समोरच्या किनाऱ्यावर राजकोट आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी येथे महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. मे २०२५ मध्ये तेथे अधिक उंच असा नवा पुतळा उभा राहिला. नव्या पुतळ्यापाशी उभे राहून समोरचा जुना तट पाहताना यात्रेकरूच्या मनात बांधणीविषयी जो विचार येतो, तो कोणी सांगावा लागत नाही.

बहुतेक सहली येथून परत फिरतात. वास्तविक या किनाऱ्याचा अधिक बोधप्रद भाग उत्तरेस, देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखावर आहे. तेथे तिहेरी तटाचा विजयदुर्ग उभा आहे. याच खाडीने आत गेल्यावर खारेपाटण लागते. शिलाहारांच्या ताम्रपटामुळे हे जुने व्यापारी गाव अभ्यासकांना परिचित आहे, आणि तेथील प्राचीन जैन मंदिर समाजबांधवांनी आवर्जून पाहावे असे आहे. आतल्या पेठेचा व्यापार आणि मुखावरचा किल्ला एकमेकांच्या आधाराने नांदत होते.

कान्होजी आंग्रे हयात असेतो विजयदुर्गावर आलेले इंग्रजांचे आणि डचांचे हल्ले फसले. १७२९ मध्ये कान्होजी निवर्तले आणि पुत्रांत वाटण्यांचा कलह सुरू झाला. दौलत दुभंगली. एक भाऊ कुलाब्यास, दुसरा विजयदुर्गास. पुढे तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचे वैर विकोपास गेले, आणि पेशव्यांनी तुळाजीविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले, तर जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज होती. तोफगोळ्याने एका जहाजास आग लागली, ती एकामागून एक जहाजांवर पसरली आणि आंग्र्यांचे आरमार खाडीतच भस्मसात झाले. १३ फेब्रुवारीस किल्ला पडला. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांना किल्ला मिळाला तो काही महिन्यांनी, नव्या तहानंतर. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. क्लाइव्ह मात्र पुढच्याच वर्षी प्लासीच्या रणांगणावर होता. घरचा तंटा मिटवण्यासाठी स्पर्धकाला भागीदार करून घेतले की पेढी कोणाच्या हाती जाते, याचा याहून स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही.

या लढायांची स्मारके आहेत, पण ती दूर इंग्लंडच्या बेटावर. लंडनच्या शूटर्स हिल टेकडीवर ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ नावाचा त्रिकोणी मनोरा आहे. सुवर्णदुर्ग घेणाऱ्या विल्यम जेम्सच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीने तो १७८४ मध्ये बांधविला. वेस्टमिन्स्टर अॅबेमधील वॉटसनच्या स्मारकावर विजयदुर्गाचे तेव्हाचे इंग्रजी नाव ‘घेरिया’ कोरलेले आहे. जेत्यांनी आपला जय असा दगडात जपला. खाडीत ज्यांची जहाजे जळली त्या भंडारी, कोळी, गाबीत खलाशांची नावे मात्र विजयदुर्गावर कोठेही वाचावयास मिळत नाहीत. त्यांचे स्मारक म्हणावे तर हा तट आणि खाडीकाठची खडकात कोरलेली जुनी गोदी, एवढेच.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग हे तिन्ही आहेत. पावसाळ्यात मालवणची होडीवाहतूक बंद असते, म्हणून दिवाळीनंतर सहकुटुंब निघावे. एक दिवस सिंधुदुर्गासाठी राखावा, दुसरा विजयदुर्ग आणि खारेपाटणसाठी. मुलांना पहिल्या दिवशी दुर्ग कसा बांधला ते सांगावे आणि दुसऱ्या दिवशी, खाडीकडे तोंड करून, आरमार कसे गमावले तेही तितक्याच मोकळेपणाने सांगावे.