कमरेवरचा काळा पट्टा

मैत्रिणींनो, आमच्या एरंडोलचं मे महिन्यातलं ऊन काही विचारू नका. पारा ४४-४५ अंशांवर जातो. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ झालेली. त्यांनी अकरा ते चार घरातच थांबावं आणि बाहेर पडायचंच झालं तर छत्री, डोक्यावर पदर, अंगभर सुती कपडे हवेतच. अंगावर कोड असेल तर जास्तच जपावं, कारण उन्हाला अडवणारं रंगद्रव्य त्या डागांत नसतं.

आपल्या सावळ्या कातडीत ते भरपूर असतं. म्हणून उन्हामुळे होणारा कातडीचा कर्करोग आपल्यात गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळच कमी. पण म्हणून निर्धास्त राहून चालत नाही, बरं का! आपल्याकडे तो कपड्याआडूनही येतो.

धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेला होणाऱ्या कर्करोगाबद्दल मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ सालीच लिहिलं होतं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन बायकांची हकिकत प्रसिद्ध केली. एक सत्तरीची. नऊवारीखाली परकर घट्ट बांधणारी. कुशीवरची जखम १८ महिने भरत नव्हती. दुसरी साठी उलटलेली, ४० वर्षं लुगडं कमरेला आवळून नेसणारी. दोघींनाही कर्करोग निघाला. रोजचा दाब, घासणं आणि घाम यांनी कातडी झिजते, फाटते. तीच जखम वर्षानुवर्षं चिघळत राहिली तर क्वचित असं वळण घेते.

माझ्या सासूबाईंच्या कमरेलाही काळा पट्टा आहे. तो बहुतेक बायकांना असतो. पट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. पण गेल्या पावसाळ्यात त्यावर चीर पडली. हळद-तेल लावून दोन महिने झाले तरी भरेना. "कमरेचं का डॉक्टरला दाखवायचं असतं?" म्हणून त्या अडून बसल्या. शेवटी नणंदबाईंना बोलावलं आणि दोघींनी मिळून त्यांना जळगावला नेलं. तुकडा काढून तपासला. सुदैवाने काही निघालं नाही. नाडी सैल केली आणि महिन्याभरात जखम भरली.

खरी अडचण ही लाजेचीच आहे. म्हातारी बाई सांगत नाही आणि आपण विचारत नाही. तेव्हा एवढं करा. परकराला बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी लावा. दोन बोटं सहज आत जातील इतकीच घट्ट बांधा. गाठीची जागा रोज बदला. रात्री कंबर मोकळी ठेवा, घाम पुसून कोरडी करा.

आई, सासूबाई यांना तेल लावताना कंबर पाहा, भाजल्याचे जुने व्रण पाहा. तळपाय आणि नखंही पाहा. सावळ्या माणसांत काळ्या डागाचा कर्करोग बहुधा तिथेच उठतो. महिनाभर न भरणारी जखम, वाढणारी गाठ किंवा रंग बदलणारा डाग दिसला तर घरगुती उपाय पुरे करा आणि सरळ डॉक्टरांकडे न्या. वेळेवर दाखवलं तर बहुतेकदा छोट्या शस्त्रक्रियेत काम भागतं.