गाडी आधी काय करत होती?

मूर्तिजापुरात जुनी सात सीटर पाहायला निघालात की एक गोष्ट लगेच ध्यानात येते: निव्वळ घरगुती वापरातली गाडी इथे दुर्मीळ. सात सीटर घेतंच कोण? दर्यापूर-कारंजा सवाऱ्या मारणारा, शाळेची पोरं नेणारा, लग्नसराईत भाड्याने लावणारा, केटरिंगची पातेली वाहणारा. आणि मग कुठे एखादं मोठं कुटुंब. एजंट मात्र सांगतो, "घरचीच हाये भाऊ, डाक्टरसाहेबाची." सगळ्या जुन्या गाड्या डॉक्टरसाहेबांच्याच कशा, हे कोडं मला सुटलेलं नाही. तालुक्यात इतके डॉक्टर असते तर औषधपाण्यासाठी अकोल्याला पळावं लागलं नसतं.

म्हणून किती किलोमीटर चालली, हे नंतर. गाडी आधी काय करत होती, हे पहिलं.

*

घरची गरज: आई-बाबा, आम्ही दोघं, दोन मुलं. सहा. ताई पोरांना घेऊन आली की नऊ होतात, पण वर्षातून दोनदा लागणाऱ्या सीटांसाठी बारा महिने पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत मी मोटरसायकलवर.

फेऱ्या ठरलेल्या. अकोल्याचा दवाखाना, शेगाव, कारंज्याचं गुरुमंदिर, अमरावतीची लग्नं, पौषातल्या एखाद्या रविवारी ऋणमोचनची यात्रा. डोंगर नाही, घाट नाही. ऊन मात्र मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास. तेव्हा इंजिनाची ताकद दुय्यम. मागच्या सीटपर्यंत पोचणारा एसी आणि चढायची उंची, हे दोन मुद्दे वर.

*

पूर्वी यवतमाळ किंवा अचलपूरला जायचं तर स्टेशनावर जाऊन शकुंतलेत बसायचं. यवतमाळ 113 किलोमीटर, अचलपूर 76, दोन्हीकडे नॅरो गेज, आणि 1994 पर्यंत वाफेचं इंजिन. अख्खं खटलं, बोचकी, डबे, सगळं मावत असे. वेळ किती लागेल ते मात्र कोणी विचारायचं नाही. ती बंद पडली, तसा तो भार एसटीवर आणि काळ्या-पिवळ्या गाड्यांवर आला. त्यांतल्याच काही आता रंग बदलून "फॅमिली कार" म्हणून विक्रीला उभ्या आहेत.

*

शाळेची व्हॅन ओळखायची खूण मीटरवर नसते. एका इकोत मीटर अठ्ठेचाळीस हजारांच्या आतबाहेर होतं आणि ते खोटं असेल असं मला वाटलं नाही. पण काचेच्या रबरात पेन्सिलीचं मोडलेलं टोक, सीटच्या पाठीवर पेनाने कोरलेलं इंग्रजी अक्षर, आणि सरकता दरवाजा मधेच अडकून मग धाडकन बंद होणारा. त्याचे रोलर झिजले होते. शाळेची गाडी किलोमीटर कमी खाते, पण गल्लोगल्ली थांबते, पुन्हा उठते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जगते. क्लच, स्टार्टर, ब्रेक यांचं वय मीटरपेक्षा बरंच पुढे गेलेलं असतं. कमी चालली म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर हे त्याला तिथेच सांगावं.

सवारीची गाडी मागून पाहावी. पाटे दबून सपाट झालेले, बूड खाली बसलेलं. आत चटई उचलली की जास्तीची सीट ठोकल्याची भोकं दिसतात. टपावर पन्हाळीला कॅरिअरचे व्रण. केटरिंगची गाडी तर नाकानेच कळते.

*

आईला सोबत नेणं हा सगळ्यात चांगला निर्णय. दरवाजा सरकवून तिला मधल्या सीटवर बसायला सांगितलं. एक पाय वर घेतला, हात कशाला लावायचा ते शोधलं, शेवटी माझ्या खांद्याला धरून चढली. उतरताना पुन्हा तेच. मग गाडीकडे पाहत म्हणाली, "चढ्याले पायरी नाई, धऱ्याले दांडी नाई, आन् म्हन्ते फ्यामिली गाडी!" एजंटने लगेच फूटबोर्ड बसवून देतो म्हटलं. तो बसवतातही, आणि कामाचा असतो. पण आईने तोवर निकाल दिला होता.

*

मॉडेलं, थोडक्यात आणि माझ्या मताप्रमाणे.

ओम्नी. 1984 ची मारुती व्हॅन, 796 सीसी, 2019 ला बंद. गावात भाजीपाला, सिलिंडर, गणपती, सगळं तिने वाहिलं; मोटारीत पहिल्यांदा बसलो ते हिच्यातच, असं सांगणारी एक पिढी आहे. पण समोर बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे पत्र्याखेरीज फारसं काही नाही. हायवेवर कुटुंब घालून? नको.

इको. 2010 पासून. इंजिन पुढच्या सीटखाली, ताकद मागच्या चाकांना. दुरुस्ती स्वस्त, पार्ट कुठेही मिळतात, कोणताही मिस्त्री डोळे मिटून खोलतो. उन्हाळ्यात सीटखालून शेक लागतो. जुन्या सात सीटरला एसी नाही. एसी हवा तर पाच सीटर घ्या, असा तेव्हाचा हिशेब होता. आणि 2016 मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली इको आपटून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले.

टवेरा. शरीराने दणकट, मागे जागा ऐसपैस. पण कंपनीनेच 2013 मध्ये एक लाखाहून जास्त टवेरा परत बोलावल्या होत्या, आणि 2017 च्या शेवटी शेवरलेने भारतातली विक्रीच थांबवली. दर वर्षी पार्ट शोधायला वणवण वाढणार. स्वस्त मिळते ती यामुळेच.

इनोव्हा. 2005 ला क्वालिसच्या जागी आली, 2016 ला क्रिस्टा. अडीच लिटरचं डिझेल इंजिन नीट सांभाळलं तर लाखो किलोमीटर कुरकुर करत नाही, हे खरं. त्यामुळेच ती टॅक्सीत जास्त राबते, आणि विकणारा दीड लाख सांगतो तेव्हा मी मनात साडेतीन धरतो.

अर्टिगा. 2012 ची पहिली. बसायची उंची मोटारीसारखी, मधल्या सीटवर छतातून हवा. तिसऱ्या रांगेत मुलंच बसावीत; मोठ्या माणसाने शेगावपर्यंत बसून दाखवावं.

झायलोचं नाव कोणीतरी काढलं. आईने दुरूनच मान हलवली. उंची.

*

आमच्याकडे गाडीचा एक शत्रू असा आहे की पुण्या-मुंबईच्या माणसाला तो सुचणारही नाही. पाणी. मूर्तिजापूर, दर्यापूर, आकोट, तेल्हारा हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारं. त्याच पाण्याने गाडी धुतात आणि कूलंट संपलं की त्याच पाण्याने रेडिएटर भरतात. वर रंग चकाचक, आणि दरवाजाच्या खालच्या कडेला पापुद्रे.

तेव्हा गाडी खालून पाहायची. चवाळं टाकून आडवं व्हायचं, लाज सोडायची. दरवाजाखालचा पत्रा, चाकामागची कमान, सायलेन्सरचे जोड. कमानीत काळ्या मातीचा लगदा वर्षानुवर्षं चिकटून असतो. त्याच्याआड ओल राहते आणि तिथूनच गंज सुरू होतो. स्क्रू ड्रायव्हरने हलकेच टोचावं. टणक लागलं तर बरं. भुसभुशीत लागलं आणि वर नवीन काळा रंग मारलेला असेल, तर नमस्कार करून निघावं.

रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं. आत हिरवं किंवा निळं दिसलं तर कूलंट. पांढरा थर किंवा गंजाचं तांबडं पाणी दिसलं तर बोअर. मे महिन्यातल्या दुपारी त्या गाडीचा काटा कुठे जाईल ते सांगायला नको.

*

मिस्त्रीचा सल्ला जसाच्या तसा: "सकायी जाजो. गाडी रातभर उभी असली पाह्यजे. त्यानं आधीच चालू करून गरम केली असन तं समजून घेजो का काहीतरी लपोते." हात बोनेटवर ठेवून पाहायचा. थंड इंजिन पहिल्या झटक्यात उठतं का? निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबतच नाही म्हणजे पाणी आत जातंय. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडायचं. तोंडातून धुराचे भपके आले तर रिंगा गेल्या.

हे सगळं त्याने दहा मिनिटांत केलं. पैसे विचारले तर म्हणाला, "घेतली का देजो." घेतली नाही तरी द्यावेत. नको ती गाडी टाळून देणारा मिस्त्री चांगली गाडी दाखवणाऱ्यापेक्षा जास्त पैसे वाचवतो.

*

चालवून पाहताना गावात एक चक्कर मारून आणून देतात, ती चक्कर कामाची नाही. आधी पांदण रस्ता. खड्ड्यात खडखड आली तर बुश, शॉकॲब्सॉर्बर. मग हायवे. अमरावती-अकोला पट्टा आता छान आहे. याच रस्त्यावर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर सलग डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला. अशा रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने स्टेअरिंग थरथरत असेल तर दोष रस्त्याला देता येणार नाही.

*

टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, सहा-सात वर्षांचं रबर आपल्या उन्हात कडक झालेलं असतं. कारंज्याजवळून समृद्धी महामार्गावर चढलं की वेगाची मर्यादा 120 आहे. तिथे जुना टायर घेऊन जाणं म्हणजे कुटुंबाशी दुष्मनी. जुनी गाडी घेताना चार टायरांचे पैसे बाजूला काढूनच भाव बोलावा.

आणखी एक खर्च कोणी सांगत नाही. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. 2023 आधीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्या हिशेबाने बनलेले नाहीत. ॲव्हरेज थोडं पडतं. पाइप बदलून घ्यावेत.

*

बाहेरून आलेल्या गाड्या. एमएच 30 आपली, 27 अमरावती, 37 वाशीम. यांची विचारपूस एका फोनवर होते. मुंबई, कोल्हापूर, सांगलीकडची असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुरात उभी राहिलेली गाडी किती धुतली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. 2019 च्या पुरातल्या गाड्या कुठे ना कुठे फिरतच आहेत.

दिल्लीची डिझेल इनोव्हा फार स्वस्त मिळते. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आली, तेव्हापासून त्या इकडे येऊ लागल्या. एनओसी, इथला कर, नवा नंबर हे सगळं जमेस धरलं की ती स्वस्ताई बरीचशी विरते.

*

कागद. यात मी कोणाचंही ऐकत नाही.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का? असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30, दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म 28. पिवळ्या पाटीची पांढरी केलेली असेल तर ती कागदावरही झाली आहे का? सीएनजी किंवा एलपीजी किट आरसीवर चढवलं आहे का? सीएनजी टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी लागते. तिचा दाखला मागितला की बऱ्याच जणांचे चेहरे उतरतात. 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली आहे का?

पंधरा वर्षं पुरी होत आलेली गाडी "कागद क्लिअर" म्हणून विकतात. क्लिअर असतात, पण संपत आलेले. नूतनीकरणाचं शुल्क 2022 पासून 600 वरून 5000 झालं, वीस वर्षांपुढे 2025 पासून 10,000. फिटनेस आणि पर्यावरण कर वेगळा. आरसीवरची शेवटची तारीख आधी वाचा, रंग नंतर पाहा.

विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवस. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे एजंटने सांगितलेला हप्ता धरू नका.

*

आमच्यापुरता निकाल. बजेटात बसली तर 2019 नंतरची अर्टिगा: ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस तोवर सक्तीचे झाले होते, आणि त्या पिढीच्या अर्टिगाला 2019 मध्ये एनकॅपचे तीन तारे मिळाले होते. नाही बसली तर पहिल्या पिढीतली पेट्रोल, पण एअरबॅग आणि एबीएस असलेल्या मॉडेलचीच. इनोव्हा, जर मालक ओळखीचा आणि सर्व्हिसची सगळी बिलं असतील तर. इको गावातल्या धंद्याला उत्तम. आईबाबांना घेऊन मे महिन्यात शेगावला जायला नाही. इसार दिला तो अकरा हजारांवर थांबवला, बाकी पैसे सह्या झाल्यावर.

आणि गाडी विकणाऱ्यांना एक विनंती. सही केलेले कोरे फॉर्म एजंटच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे: आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, मालक तोच, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच. चौदा दिवसांत आरटीओला कळवा आणि नवी आरसी निघाली की नाही ते स्वतः पाहा.