हवेवरचे ओझे

आमच्या घरात सकाळी तीन गोष्टींची चौकशी होते : आजीचा गुडघा, तुरीचा भाव आणि पिकअपचे पाटे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने पाट्यांवर लिहावे हे आमच्या प्राध्यापकांना कसे वाटेल कोण जाणे! पण आमच्या घरची चूल त्या पाट्यांवरच पेटते.

पाटे म्हणजे मागच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या. कापसाने किंवा सोयाबीनच्या कट्ट्यांनी हौद भरला की त्या दबतात. गाडी मागे बसते, नाक वर करते, दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो; पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग सैल लागते. यावर जिंतूरच्या गॅरेजांतला जुना उपाय एकच, पाटा वाढवा. आप्पांनी एक जादा पाटा टाकून घेतला आणि शेतातल्या चाकोरीत पोट घासू नये म्हणून पाट्यांखाली तीन इंची लोखंडी ठोकळेही बसवले. भरलेली गाडी मग पैलवानासारखी ताठ चालू लागली.

परंतु गाडी परत रिकामी येते, त्याचे काय? परभणीला माल उतरवून बोरीमार्गे येताना ती रस्त्याला लागून चालतच नसे, उड्या मारीत असे. क्विंटलांचे ओझे तोलण्यासाठी ताठ केलेले पोलाद एकट्या माणसाच्या वजनाला काय दाद देणार? प्रत्येक खड्डा थेट आप्पांच्या मणक्यात. शेवटी डॉक्टरांनी सांगितले, "गाडी सोडा." घरात वाहन चालवण्याचा परवाना असलेला दुसरा माणूस मी, आणि मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला! त्या रात्री कोणी काही बोलले नाही. पण सगळे माझ्याकडे पाहत होते.

पुण्यात गॅरेजात काम करणाऱ्या आतेभावाने फोनवर एअर बॅगचे सुचवले. आजीला वाटले, अपघातात तोंडासमोर फुगते तीच ही. ही ती नव्हे. जाड रबराचे हे दोन फुगे मागच्या हाउसिंगवर, चासीच्या खाली, दोन्ही बाजूंना एकेक बसतात. पाटे जागेवरच राहतात, फुगे त्यांना हात देतात. माल भरला की हवा भरायची, उतरला की सोडायची. 'शिवनेरी'च्या व्होल्वोत बसलेल्यांनी हवेवरचा प्रवास अनुभवलेला आहेच. तिथे सारे आपोआप होते, आमच्याकडे पंक्चरवाल्याच्या पंपावर.

मिस्त्रींनी आधी टेप लावला आणि मान हलवली. "आप्पा, तुमची गाडी उचललेली हाय. फुगा ताणून बसंल. चाक खड्ड्यात लोंबलं की फाटलाच म्हणून समजा." ठोकळे काढायला आप्पा तयार होईनात. मग उचललेल्या उंचीइतकाच आधार फुग्याखाली देऊन मेळ घातला. जादा पाटा निघाला. नळ्या सायलेन्सरपासून दूर नेल्या, सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवून बुडबुडे येतात का ते पाहिले. हवा कधीच पूर्ण सोडायची नाही. रिकाम्या गाडीतही निदान पाच पौंड ठेवायची, नाहीतर रबर घडीत सापडून चिरडते.

पहिल्या खेपेला माल भरूनही गाडी सरळ उभी राहिली, तेव्हा आप्पांचे डोळे चमकले. "आता अजून पाच कट्टे बसतील." ही चमक मला ओळखीची होती. फुगा पाठ सरळ ठेवतो. ब्रेक, टायर आणि ॲक्सल मात्र होते तेच असतात. कागदावरचे वजनही तेच. २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर दर टनाला २,००० ! मणक्यापेक्षा हा आकडा आप्पांना लवकर पटला.

डॉक्टरांचे म्हणणे अजून तेच आहे. आप्पांनी खेपा निम्म्या केल्या. सुट्टीच्या दिवशी मी जातो. हवा मोजायचे घड्याळ ते सदऱ्याच्या खिशात ठेवतात, चष्म्याशेजारी. आणि तो जादा पाटा लोहाराकडे देऊन आजीने त्याचे दोन कोयते करून घेतले. धार उत्तम आहे.