रंकाळ्यावर फिरायला

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत संध्याकाळी कुणी ‘रंकाळ्यावर जाऊन येतो’ म्हणालं, तर तो पाण्यावर चालणार आहे असं घरात कुणालाच वाटत नाही. तलावाच्या काठावर जाईल, कट्ट्यावर बसेल, भेळ खाऊन परतेल. संस्कृत काव्यशास्त्रातला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला दाखला नेमका असाच आहे: गंगेवर गवळ्यांची वस्ती. प्रवाहावर वस्ती होत नाही, म्हणून ऐकणारा ती आपणच काठावर आणतो. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त या रीतीच्या, म्हणजे लक्षणेच्या, अटी सांगून ठेवल्या आहेत. शब्दाचा मूळ अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाशी त्याचं नातं पाहिजे, आणि तसं बोलायला रूढी तरी हवी किंवा काही हेतू तरी.

पेठेत वाढलेल्या एका मुलीला हे सगळं बोलता येतच होतं. ‘गादीचा मान’ म्हटलं की कापसाची गादी तिच्या मनातही येत नसे. छत्रपतींचं घराणंच समोर उभं राहायचं. इंग्रज लोक ‘द क्राउन’ म्हणून राजसत्तेबद्दल बोलतात, तीही हीच रीत. पण शाळेत या रीतीची ओळख झाली ती ‘मेटॉनिमी’ अशा जड नावाने, एका मार्काच्या प्रश्नात. तिथे गादीची आठवण कुणी करून दिली नाही.

गाइडात तक्ता असायचा. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसलं की सिमिली, ते नसताना तुलना असली की मेटाफर, निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की पर्सॉनिफिकेशन. हा तक्ता परीक्षेत बहुतेक वेळा खपून जातो, म्हणूनच तो घातक आहे. ‘शी वर्क्स ॲज अ नर्स’ या वाक्यात ‘ॲज’ आहे, पण ती बाई खरोखरच नर्स आहे. ‘ही लुक्स लाइक हिज ब्रदर’मध्ये तुलनाही आहे, तरी अलंकार नाही, कारण भावाची तुलना भावाशीच केली आहे. सिमिलीला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात: पैलवान आणि वाघ, चेहरा आणि चंद्र. गंमत अशी की मराठीच्या तासाला हेच उपमेय, उपमान, साधारण धर्म अशा नेटक्या शब्दांत शिकवलं जात होतं. इंग्रजी समीक्षेत उपमेय-उपमानाच्या जवळ जाणारी ‘टेनर’ आणि ‘व्हेइकल’ ही जोडी आय. ए. रिचर्ड्सने १९३६ साली मांडली. एकाच वर्गात, एकाच बाकावर दोन्ही तास होत, आणि त्यांची गाठ कुणी घालून देत नसे. आजही बहुतेक ठिकाणी घातली जात नाही, याची हळहळ वाटते.

तिला पहिला धागा सापडला तो फुटबॉलमध्ये. मोसमात पेठेचं निम्मं बोलणं शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांचं असतं. ‘वॉल लावा’ अशी आरोळी उठते, मधल्या सुट्टीत डेड बॉलवर वाद होतात, पेनल्टीत बरोबरी झाली की ‘सडन डेथ’. चेंडू मरत नाही, खेळाडूही मरत नाही. ही सगळी इंग्रजीची लाक्षणिक भाषाच, आणि तालमीतली पोरं ती अचूक वापरत होती. त्यांना फक्त तिचं नाव ठाऊक नव्हतं.

कॉलेजात तिने जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांचं १९८० सालचं ‘मेटाफर्स वुई लिव्ह बाय’ वाचलं. रूपक म्हणजे कवितेवरचा साज नव्हे, माणूस रोजचा विचारच रूपकांतून करतो, असं ते म्हणतात. त्यांचं गाजलेलं उदाहरण वादाचं: इंग्रजीत वाद म्हणजे युद्ध. मुद्द्यावर हल्ला होतो, बाजूचा बचाव होतो. वाचता वाचता तिला शेजारपाजारची भांडणं आठवली. कोल्हापुरात वाद युद्धापेक्षा जास्त वेळा कुस्तीसारखा लढला जातो. आधी शड्डू ठोकायचा, मग डाव टाकायचा, धोबीपछाड मारायची आणि शेवटी समोरच्याला अस्मान दाखवायचं. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली सुरू झालं. ज्या गावात कुस्तीला एवढी मोठी जागा मिळाली, तिथे भाषेलाही लाल माती लागणारच.

पुढे पुण्यात नोकरी करताना अमेरिकी सहकाऱ्यांच्या फोनवर ‘बॉलपार्क फिगर’ आणि ‘टच बेस’ ऐकू यायला लागलं. शब्दकोशात अर्थ होता: ढोबळ अंदाज, थोडक्यात बोलून घेणं. पण हे शब्द बेसबॉलच्या मैदानातून आलेत हे कळल्यावरच ते तिच्या डोक्यात बसले. ‘बिलो द बेल्ट’ बॉक्सिंगमधून आलं, कारण तिथे कमरेखाली ठोसा मारायला बंदी. निवडणुकीच्या बातम्यांत मराठी वाचकाला भेटणारा ‘डार्क हॉर्स’ शर्यतीचा. डिझरायलीच्या १८३१ सालच्या कादंबरीत तो धावून गेला आहे. अलंकार ओळखायचा तर आधी तो कुणाच्या मैदानातून आला ते शोधावं, ही तिची पद्धत तेव्हापासूनची. गाइडातल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडते, असं या लेखकाचंही ठाम मत आहे.

आता ती परत पेठेत राहते आणि संध्याकाळी दहावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. तिथे वाक्याला नाव देण्याआधी तीन प्रश्न विचारले जातात: सरळ अर्थ कुठे अडला, ऐकणाऱ्याने त्याजागी काय घेतलं, आणि बोलणाऱ्याने सरळ का सांगितलं नाही? पहिला प्रश्न कधी कधी हुलकावणी देतो. ‘माय ब्रदर इज नो टायगर’ हे वाक्य सरळ अर्थानेही शंभर टक्के खरं आहे, कुठेच अडत नाही. तरी त्यात रूपक आहे, कारण भाऊ वाघ नसल्याची बातमी कुणी कुणाला देत नाही. अशा वेळी तिसराच प्रश्न कामी येतो. गेल्या मोसमात एका पोराने ‘वॉल’वर हरकत घेतली. रोजचाच शब्द झालाय, मॅडम, त्यात आता कसला अलंकार? वर्गाचे दोन तट पडले. ती दोघांचंही ऐकून घेत फळ्यावर ‘टेबल लेग’ लिहिते, आणि टेबलाला पाय कधी फुटले यावर पुढचा अर्धा तास जातो.