तापाचें नांव

आमच्या घरांत पणजोबांची एक जुनी चोपडी आहे. तींत दुधाचा हिशेब, श्राद्धाच्या तिथि, मुलांचे जन्म आणि घरांतले मृत्यु असे शेजारीं शेजारीं नोंदलेले आहेत. शके १८४० च्या, म्हणजे इ. स. १९१८ च्या, भाद्रपद-आश्विनांत पंधरा दिवसांच्या आंत तेथें तीन नांवें आलीं आहेत. एक आमची पणजी, दुसरी तिची धाकटी जाऊ, तिसरें त्या जावेचें तान्हें मूल. तिघांपुढें एकच शब्द आहे: ‘ताप’. पितृपक्ष आला कीं चोपडी खालीं काढावयाची, तिथि पाहावयाच्या आणि ती पुन्हां माळ्यावर ठेवावयाची, हा आमच्या घरचा परिपाठ. त्या तापाला कांहीं नांव होतें काय, हा प्रश्न साठी उलटेपर्यंत आम्हांस कधीं पडला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

नांव अर्थात् होतें. ती इन्फ्लुएंझाची साथ. १९१८ च्या जूनमध्यें ती मुंबईच्या बंदरावर दिसूं लागली, मध्यंतरीं थोडी ओसरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत भयंकर रूपानें परतली. हिंदुस्थानांत तिनें किती माणसें नेलीं याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत जातात. लाखांचा हा फरक कां, तर गांवोगांवच्या मृत्यूच्या वह्यांतही आमच्या चोपडीप्रमाणेंच ‘ताप’ एवढेंच लिहिलें जात असे. १९२१ ची खानेसुमारी झाली, तेव्हां आजच्या भारताच्या हद्दींत दहा वर्षांपूर्वींपेक्षां माणसें कमी भरलीं. गेलेल्यांचा हिशेब असा उरलेल्यांवरून करावा लागला! माणसाच्या घशांतून तो विषाणु वेगळा काढतां आला, तो १९३३ सालीं, लंडनमधील प्रयोगशाळेंत, फेरेट नांवाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या साह्यानें.

हें सारें आम्हीं अलीकडे वाचलें. वाचण्याची पाळी कां आली, तें सांगण्यासाठींच हा लेख.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत आमच्या आईला ताप व खोकला होऊन धाप लागली. तिला रुग्णालयांत ठेवावें लागलें. दुसरे दिवशीं एक तरुण डॉक्टरीणबाई कापसाची लांब काडी आणि लहानशी नळी घेऊन आली व म्हणाली, “काका, आजींच्या नाकांतला नि घशांतला नमुना घ्यायचा आहे. श्वसनरोगांवर देशभर जी पाळत ठेवतात ना, तिच्यासाठीं.” आम्हीं विचारलें, “यानें हिचें औषध बदलेल काय?” ती प्रामाणिक होती. “बहुतेक नाहीं,” ती म्हणाली. त्यावर आम्ही घरच्या कर्त्याच्या तोऱ्यांत उत्तरलों, “मग म्हातारीला कशाला छळतां?” ती निमूटपणें निघून गेली.

आई बरी होऊन घरीं आली. पण पांचव्या दिवशीं धाकट्या भावाची सून तापली. तिला सातवा महिना चाललेला. मूळ दुखणें कशाचें, तें डॉक्टरांना आम्ही सांगूं शकलों नाहीं. तपासणी केली तेव्हां इन्फ्लुएंझा निघाला. गरोदरपणीं तो अधिक धोक्याचा असतो आणि त्यावरचें औषध पहिल्या दोन दिवसांत दिल्यास अधिक गुण येतो. त्यांतला दीड दिवस आम्हीं ‘साधा ताप’ म्हणून काढ्यावर घालविला होता. देवाच्या दयेनें सूनबाई व बाळ दोन्ही सुखरूप आहेत. परंतु त्या तीन रात्रीं आमच्या डोळ्यांपुढें चोपडीचें तेंच पान होतें.

त्या काडीचें पुढें काय होतें, हें आम्हीं मग मुद्दाम समजावून घेतलें. अंगांत अडतीस अंश ताप, खोकला, दहा दिवसांच्या आंतलें दुखणें आणि रुग्णालयांत ठेवण्याची गरज, अशा ठरलेल्या लक्षणांचे रोगी ठरलेल्या रुग्णालयांतून निवडतात. नमुना थंड पेटींतून प्रयोगशाळेंत जातो. तेथें विषाणूचा प्रकार ओळखतात. शंभरांत किती नमुन्यांत कोणता विषाणु निघाला, हें आठवड्यामागून आठवडा मांडलें कीं साथीची चाल दिसूं लागते. पुण्याची राष्ट्रीय विषाणु संस्था या कामीं अग्रभागीं आहे. १९५२ त विषाणु संशोधन केंद्र म्हणून ती निघाली आणि त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें इन्फ्लुएंझावर नजर ठेवणारें प्रयोगशाळांचें जाळें उभारलें.

या मोजणीनेंच कळलें कीं आपल्याकडे हा रोग पावसाळ्यांत बळावतो, तर श्रीनगरकडे हिवाळ्यांत. म्हणजे लस केव्हां टोचावी, हेंही प्रदेशागणिक वेगळें. लशींत कोणते विषाणु घालावयाचे, हें वर्षांतून दोनदां याच नमुन्यांवरून ठरतें. इन्फ्लुएंझा-बीचा यामागाता नांवाचा एक वंश मार्च १९२० नव्हे, मार्च २०२० नंतर जगांत खात्रीनें कोठेंच आढळला नाहीं, म्हणून तो लशींतून वगळण्याचा सल्ला देण्यांत आला. ‘नाहीं’ म्हणावयासही आधीं पुष्कळ ठिकाणीं शोधावें लागतें!

आणखी एक आंकडा आमच्या मनांतून जात नाहीं. कोरोनाच्या प्रारंभीं, १५ फेब्रुवारी ते २ एप्रिल २०२० या काळांत, तीव्र श्वसनविकाराच्या ५,९११ रोग्यांचे नमुने देशांत तपासले. १०४ जणांत कोरोना निघाला. त्यांपैकीं ४० जण ना परदेशीं गेले होते, ना कोणा ज्ञात रोग्याच्या संपर्कांत आले होते. रोग घरांत शिरला आहे, हें त्या चाळीस नमुन्यांनीं सांगितलें. त्या प्रत्येकाच्या उशाशीं बसलेल्या कोणा कर्त्यानें आमच्यासारखेंच उत्तर दिलें असतें तर?

त्या काडीचा उपयोग ज्याची त्याला थोडा आणि परक्याला फार, हें खरें. पण एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना हा व्यवहार नवा नाहीं. एकानें विहीर खणावी आणि दुसऱ्याच्या नातवानें पाणी प्यावें, हाच आपला संसार.

हें सर्व एके संध्याकाळीं आम्हीं आईला सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “ती मुलगी काडी घेऊन आली, तेव्हां मी जागी होतें ना रे?” आम्हीं होय म्हटलें. “मग मला कां नाहीं विचारलंस? मी आ केला असता.”

यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. गेल्या वैशाखांत, पावसाळ्यापूर्वीं, घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं लस टोचून घेतली. चोपडींत आम्हीं आईच्या व सूनबाईच्या दुखण्याची नोंद केली आहे. सूनबाईपुढें ‘इन्फ्लुएंझा’ असें लिहिलें. आईपुढें मात्र ‘ताप’ एवढेंच लिहावें लागलें. तें आमच्याच हातचें आहे.