राशीतली ओल

कर्जतच्या आठवडे बाजारात ज्वारी घेताना आम्ही पोत्यात हात घालून पाहतो. मोबाईलवर मात्र ताऱ्यांवर विसंबतो. पूर्वी कंपन्यांची माणसे दारी येऊन गिऱ्हाइकाचे मत विचारत. आता समाजमाध्यमांवरच्या अभिप्रायांवरून बाजाराचा कल ताडला जातो. त्यांत बॉट, म्हणजे आपोआप लिहिणारे प्रोग्राम, खोटी स्तुती मिसळतात. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी मानक काढले, पण ते ऐच्छिक ठेवले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. सवलतीपोटी न वापरलेल्या वस्तूला पाच तारे देणे म्हणजेही ओल झाकणेच. बॉटला आखिरतमध्ये जाब द्यायचा नाही. आम्हाला द्यायचा आहे.