ऊन की ताप?

मी वाणिज्य शाखेचा. शास्त्राशी माझा संबंध एस.एस.एल.सी.पर्यंतच. तेव्हा इन्फ्रारेड किरणांवर मी लिहावे हे भौतिकशास्त्राच्या सरांना आवडणार नाही. पण ह्या किरणांनी आमच्या घरात दोनदा पाऊल टाकले, म्हणून लिहितो.

बाबा उद्यमबागेतल्या एका गोदामावर वॉचमन. काठी आणि बॅटरी याखेरीज हत्यार त्यांनी कधी धरले नाही. 2020 मध्ये मात्र मालकांनी त्यांच्या हाती एक पांढरे पिस्तूल दिले. येणाऱ्याच्या कपाळावर ते रोखायचे, आकडा शंभरावर गेला तर माणूस परत! हजेरी बुडाली की मजुरीही बुडाली.

2021 च्या मार्चात एक हमाल भर उन्हातून सायकल हाणत आला. आकडा शंभरावर. तो हात जोडून म्हणाला, ''बिसिलु री, ज्वर अल्ल!'' ऊन आहे हो, ताप नाही. बाबांनी त्याला चिंचेखाली बसवले, पाणी दिले, दहा मिनिटांनी पुन्हा पिस्तूल रोखले. अठ्ठ्याण्णव. तेव्हापासून उन्हातून येणाऱ्या प्रत्येकाला आधी चिंचेखाली बसावे लागे. हा नियम बाबांचा. मालकांना त्याचा पत्ता नव्हता.

बाबांनी विचारले, ''यंत्र खोटे बोलते काय रे?'' मी शोधाशोध केली. यंत्र खोटे बोलत नाही, त्याला विचारले तेवढेच ते सांगते. 1800 साली विल्यम हर्शेल ह्या ज्योतिर्विदाने लोलकातून पडलेल्या रंगांत थर्मामीटर ठेवून पाहिले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत वर चढला. असे अदृश्य किरण आपण सारेच सोडतो, भिंतही सोडते, बर्फसुद्धा सोडतो. कपाळ एका सेल्सिअस अंशाने तापले तर ही ऊर्जा सुमारे सव्वा टक्क्याने वाढते. पिस्तुलात भिंगामागे दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्यांची माळ असते. सांध्याचे एक टोक तापले की किंचित वीज उपजते, हे झेबेकने 1821 मध्ये दाखवले होते. पण ही वीज फक्त फरक सांगते. म्हणून यंत्राला आधी स्वतःचे तापमान मोजावे लागते, मग समोरच्याचे. ही गोष्ट मला फार आवडली. शिवाय मोजले जाते ते कातडीचे तापमान, आतल्या रक्ताचे नव्हे. ऊन आणि ताप यांतला फरक चिंचेखालीच कळणार.

एकदा बाबांनी ते घरी आणले. आईने कढत पाण्याच्या चकचकीत तांब्यावर रोखले, तर आकडा खोलीतल्या हवेइतकाच! काळ्या तव्यावर मात्र बरोबर. झळझळीत धातू स्वतःचे किरण फार थोडे सोडतो आणि इतरांचेच परतवतो. आई म्हणाली, ''काही माणसे अशीच असतात की!''

दुसरे पाऊल 2024 च्या दिवाळीनंतर पडले. गोदामात माणसाची हालचाल टिपणारे सेन्सर आले. दिवा लागतो, भोंगा वाजतो, मालकांच्या फोनवर निरोप जातो. रात्रपाळी बंद झाली. बाबांना अर्धा दिवस आणि अर्धा पगार. मी हिशोब मांडला: यंत्राची किंमत, घसारा, वीज. कुठूनही मांडला तरी मालकांचेच बरोबर येत होते. ती वही मी बाबांना दाखवली नाही.

ह्या सेन्सरात स्फटिकाचे दोन तुकडे असतात, जमा आणि नावे यांसारखे उलटसुलट जोडलेले. सारी खोली तापली तर दोन्हींकडे सारखीच नोंद होते आणि बाकी शून्य राहते. माणूस आडवा गेला की त्याची ऊब आधी एकावर पडते, मग दुसऱ्यावर. ताळा चुकतो आणि दिवा लागतो. वरचे पांढरे, रेघारेघांचे प्लॅस्टिक खोलीचे पट्टे पाडते. पट्ट्यामागून पट्टा ओलांडणारा चटकन सापडतो, सरळ अंगावर येणारा तितका नाही. काचेपलीकडचा तर दिसतच नाही, कारण शरीराचे हे किरण काचेतून पार होत नाहीत. उन्हाळ्यात पत्र्याचे शेड अंगाइतके तापले तर फरकच उरत नाही. आणि मांजर गेले तरी दिवा लागू शकतो. बाबांना मांजराची चाहूल अंधारातही कळते.

शेवटच्या रात्रपाळीला मी डबा घेऊन गेलो. सेन्सर आधीच बसवले होते. मी आत शिरताच झगझगीत दिवा लागला. बाबा स्टुलावर बसले होते. मी त्यांच्याशेजारी पोत्यावर बसलो. थोड्या वेळाने दिवा विझला.

''बघ,'' बाबा म्हणाले, ''मी बसलोय ते ह्याला दिसत नाही.''

''मग हला की.''

ते हलले नाहीत. मीही हललो नाही. डबा उघडायची वेळ झाली तेव्हा त्यांनी हात वर केला.